मांडीवरचे जांभळे ठिपके

आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात महिला कर्मचाऱ्यांसाठी दरवर्षी काही ना काही खेळ ठेवतात. बहुतेक वेळा संगीत खुर्ची, नाहीतर लिंबू-चमचा. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात रस्सीखेच आली. एका बाजूला ऑफिस, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा. मी नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला, एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. वय चाळिशीच्या पुढं, वजन बऱ्यापैकी, म्हणून मला सगळ्यात शेवटी उभं केलं आणि टाच रोवून मागं रेलायला सांगितलं. शिट्टी वाजली. आम्ही जिंकायच्या बेतात होतो. तेवढ्यात माझा डावा पाय मुरमावर घसरला आणि मांडीच्या मागच्या बाजूला, आत, काहीतरी तट्‌कन तुटल्यासारखं झालं. तो आवाज मला ऐकू आला असं मी आजही म्हणते. बाकी कुणी ऐकला नाही.

मी बसकण मारली. सगळ्या हसल्या, मीही हसले. उठायला गेले तर पाय टेकवेना.

डॉक्टरांनी पाय वाकवून, सरळ करून पाहिला. "स्नायू ताणला गेलाय, थोडा फाटला असेल. बर्फ लावा, पट्टी बांधा, आराम करा," म्हणाले. त्या दिवशी मला भीती अजिबात वाटली नव्हती. दुखत होतं तेवढंच. नवरा आयटीआयमध्ये निदेशक आहे. तो संध्याकाळी घरी आला आणि माझी चेष्टा करत त्यानं पट्टी बांधली.

भीती दोन-चार दिवसांनी आली. मांडीची मागची बाजू आपली आपल्याला दिसत नाही. पट्टी सोडताना नवरा एकदम गप्प झाला. "काय झालं?" मी विचारलं. त्यानं मोबाईलवर फोटो काढून दाखवला. गुडघ्याच्या लवणीपर्यंत सगळी कातडी काळी-जांभळी पडली होती, कडेनं हिरवट. मी मागं हात नेला आणि बोटांना ती लागली. आत, खोल, लिंबाएवढी, टणक.

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी यंत्र फिरवत सहज सांगितलं, "स्नायू थोडा फाटलाय. आत रक्ताची गाठ झालीय."

"गाठ?"

"रक्त साकळलंय हो. जाईल हळूहळू. फिजिओथेरपी सुरू करा."

त्यांच्यासाठी तो रोजचा शब्द होता. आमच्या घरात तो शब्द नुसता कानावर पडला तरी बाबा उठून अंगणात जात. मी उठून तरी कुठं जाणार? पोटावर पालथी पडले होते, मांडीवर गार मलम होतं.

फिजिओथेरपीचं सेंटर आमच्या घरापासून जवळच होतं. तिथली मॅडम माझ्यापेक्षा बरीच लहान, देगलूरकडची, बोलायला मोकळी. तिनं पाय तपासला, कुठं दुखतं ते बोटानं दाबत विचारलं आणि म्हणाली, "ताई, घाबरायचं काहीच कारण नाही. स्नायूचा ताण आहे. थोडे दिवस लाईट देऊ. लाईटनं दुखणं कमी होतं, मग व्यायाम सुरू करू."

मी पलंगाची कड धरली.

ती तिच्या कामात होती. तिनं मला पालथं झोपायला सांगितलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. बीपी आहे का, शुगर आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी घेता का, दिवस गेलेत का. आणि त्याच सुरात, "कधी कॅन्सर वगैरे झाला होता का?"

"मला? नाही."

"ठीक आहे." मग तिनं एक जांभळं पेन घेतलं आणि माझ्या मांडीवर ठिपके काढायला लागली. एकाखाली एक, ओळीनं. "लेझर कुठं कुठं लावायचं त्या खुणा करतेय. आज आंघोळीत फार घासू नका, उद्या परत याच जागी लावायचंय."

मी उशीत तोंड खुपसलं. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं. हेच शब्द, हाच रंग. फक्त मांडी माझी नव्हती.

आमची आत्या आमच्यातच राहायची, रेणापूरला. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, म्हणून बाबांनी तिला घरी आणलं. ती कपडे शिवायची. दिवसभर मशीनवर पाय चालायचा. माझं बारावीचं वर्ष होतं तेव्हा तिच्या उजव्या मांडीत एक टेंगूळ आलं. मशीन मारून मारून शीर चढली असंल, असं सगळ्यांनी ठरवलं. कुणी तेल चोळलं, कुणी विटकरीचा शेक दिला. ते काही गेलं नाही. मग लातूरला दाखवलं, आणि मग बाबा तिला घेऊन बार्शीला जायला लागले. घरी आल्यावर बाबांनी आम्हाला सगळ्यांना बसवून सांगितलं, "मांडीचा ताण हाय. लाईट देतेत तिथं. लाईटीनं ताण जातो."

तिच्या मांडीवर जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. चौकोन काढलेला, मधे फुली. त्या पुसायच्या नाहीत असं तिला सांगितलं होतं. मी एकटी असले की ती लुगडं थोडं वर करून मला दाखवायची. आधी नुसत्या रेघा होत्या. मग चौकोनातली कातडी तांबडी झाली, मग करपलेल्या भाकरीसारखी. ती म्हणायची, "बघ की माय. ताणाला एवढं करतेत का कुनी?"

मी म्हणायचे, "आत्या, लाईटीनं जातो ताण. बाबांनी सांगितलं ना." मला ते खरं वाटत होतं. घरात बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं. बार्शीचा दवाखाना कॅन्सरचा होता हे मला आत्या गेल्यावर कळलं. ज्वारी काढायच्या आधी गेली ती.

आणि आता इतक्या वर्षांनी मी नांदेडला एका पलंगावर पालथी पडले होते, मांडीत गाठ होती, मांडीवर जांभळी शाई होती, आणि एक बाई मला सांगत होती की ताण आहे, लाईटनं जाईल.

मॅडमनं माझ्या डोळ्यांवर हिरव्या काचांचा चष्मा चढवला. स्वतःही घातला. "डोळ्यांत जाऊ नये म्हणून," ती म्हणाली. जाड पेनासारखं एक यंत्र होतं, मागं वायर. ते तिनं पहिल्या ठिपक्यावर टेकवलं. मी अंग आवळून घेतलं. काहीच झालं नाही. गरम नाही, गार नाही, टोचलं नाही. थोड्या वेळानं यंत्र बारीक वाजलं आणि तिनं पुढच्या ठिपक्यावर नेलं. परत काहीच नाही. भाजलं असतं तर मी ओरडले असते, चालू-बंद कळलं असतं. हे आत जात होतं आणि मला पत्ता लागत नव्हता.

"झालं की ताई. एवढं काय घाबरताय? घामानं चादर भिजली."

मी चप्पल घालायला बाहेर आले. नवरा मला घ्यायला आला होता. मागं वळून बघते तर काचेच्या दारापलीकडं तो मॅडमशी हळू आवाजात बोलत होता. मॅडम मान हलवत होती. दोघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं आणि बोलणं थांबवलं.

गाडीवर बसल्यावर मी विचारलं, "काय बोलत होता?"

"काही नाही गं. असंच."

असंच! घरी येईपर्यंत मी त्या एका शब्दाला धरून बसले होते. बाबाही असंच म्हणायचे. बार्शीहून आल्यावर आई विचारायची, डॉक्टर काय म्हणले, आणि आत्या समोर असली की बाबा म्हणायचे, असंच, बरं हाय.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. प्रयोगशाळेत रजा टाकली होती. घरात कुणी नसलं की हात मागं जायचा. गाठ चाचपायचे. सकाळी वाटायचं लहान झालीय, दुपारी वाटायचं वाढलीय. नवऱ्याचा फोन आला आणि तो बोलत गॅलरीत गेला की मी भिंतीला कान लावून उभी राहायचे. एकदा तो "हो, तिला सांगितलं नाही अजून" असं म्हणाला. मी तशीच लंगडत बाहेर गेले.

"काय सांगितलं नाही मला?"

तो दचकला. "आं?"

"मला काय झालंय? खरं सांगा. माझ्या आत्यालाही असंच सांगितलं होतं. ताण आहे म्हणून. मला फसवू नका, हात जोडते तुमच्यासमोर."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याला आत्याचं आजारपण माहीत होतं, पण त्यातला तो ताण आणि ती लाईट मी त्याला कधी सांगितली नव्हती. तो मला धरून खुर्चीवर बसवत म्हणाला, "अगं, माझ्या भावाचा फोन होता. त्यांच्या नवीन घराचा गृहप्रवेश ठरलाय. तुला एवढ्यात प्रवास होणार नाही, तू हट्ट धरशील, म्हणून सांगितलं नाही म्हणालो."

"आणि त्या दिवशी मॅडमशी काय बोलत होता?"

तो खाली बघायला लागला. मला वाटलं, आलं. आता बाहेर येणार.

"मी तिला म्हटलं, मॅडम, हिला वजन कमी करायला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर घरात भांडण होईल."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याच्याशी भांडले असते, किंवा हसले असते. त्या दिवशी रडले. त्यानं खरं सांगितलं होतं हे मला दिसत होतं. तो खोटं बोलताना कान खाजवतो, तसं काही केलं नव्हतं. म्हणजे हे लोक माझ्यापासून काही लपवत नव्हते.

पण भीतीला एक दार बंद केलं की ती दुसरं शोधते. पुढच्या वेळी पलंगावर पडल्या पडल्या मी मॅडमला विचारलं, "तुम्ही पहिल्या दिवशी कॅन्सरचं का विचारलं?"

"सगळ्यांनाच विचारतो. असेल तर त्या जागी आम्ही लेझर लावत नाही."

"का?"

"पेशींना चालना मिळते ना या प्रकाशानं. खराब पेशी असतील तर त्यांनाही मिळेल अशी शंका असते. म्हणून खबरदारी."

"आणि पेशंटलाच माहीत नसलं तर?"

ती थांबली. "तसं काही आहे का ताई?"

"नाही."

आत्याचं सांगावं असं अगदी जिभेवर आलं होतं. पण आपण आपल्या तोंडानं तिचं आजारपण काढलं तर ते आपल्यात शिरेल, असं काहीतरी वाटलं. मी विज्ञान शाखेची पदवीधर, रोज ॲसिडच्या बाटल्या हाताळणारी बाई, आणि हे वाटणं. यंत्र ठिपक्यावर टेकलं. मला काहीच लागत नव्हतं आणि मी डोळे मिटून बघत होते की आत लिंबाला पाणी मिळतंय, ते फुगतंय. लपवत कुणी नव्हतंच. कुणाला माहीतच नव्हतं. आणि मी रोज स्वतःच्या पायानं येऊन त्याला खाऊपिऊ घालत होते.

त्यानंतर मी गेले नाही. आवरून रिक्षात बसले एकदा, आणि चौकातून परत फिरवायला सांगितली. नवऱ्याला म्हटलं, मला बाबांकडं जायचंय. तो सोडायला येतो म्हणाला, पण आयटीआयच्या परीक्षा चालू होत्या. शेवटी लातूरच्या गाडीत खिडकीजवळ बसवून, मांडीखाली उशी देऊन त्यानं मला पाठवलं. अहमदपूर, चाकूर, प्रत्येक गतिरोधकाला जीव कळवळायचा. लातूरहून रेणापूरला भाऊ घेऊन गेला.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. भाऊ-वहिनी दोघं शिक्षक, दिवसा घरी बाबा एकटेच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शाळेत गेल्यावर, बाबांची बुद्धवंदना झाल्यावर मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि सांगून टाकलं, "बाबा, मांडीत गाठ आलीय."

त्यांनी कप उचलला होता, तो खाली ठेवला.

"कोणत्या?"

"डाव्या. मागं."

"तिची उजवी व्हती," ते म्हणाले. कुणाची ते दोघांनाही विचारावं लागलं नाही.

मी रस्सीखेचेपासून सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर माझ्या पायाकडं होती. मग एकेक विचारायला लागले. "दुखती का?"

"लई."

"दाबल्यावर?"

"दाबल्यावर तर जीव जातो."

"तिची दुखत नव्हती गं. सुरुवातीला अजिबात न्हाई. पडली न्हाई, घसरली न्हाई, अशीच आली आन् वाढत गेली. दुखत न्हाई म्हनून तर आमी थांबलो." हे ते मला धीर द्यायला सांगत होते. पण त्यांचा चहा तसाच गार झाला.

"डॉक्टरनं सांगितलंय बाबा, स्नायू फाटलाय म्हणून. रक्त साकळलंय."

"डॉक्टरनं तिलाबी सांगितलं व्हतं ताण म्हनून."

"डॉक्टरनं नाही. तुम्ही सांगितलं होतं."

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. बाबा उठून बाहेर गेले, अंगणातल्या कडुनिंबाखाली उभे राहिले, परत आले. म्हणाले, "लातूरला जाऊ. आत्ताच."

"नांदेडला एकदा बघितलंय की."

"मी बघितलं न्हाई."

लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांकडं गर्दी होती. बाबा बाकावर ताठ बसले होते, स्टिअरिंग धरावं तसे दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारची बाई मला काय झालं म्हणून विचारायला लागली तर बाबाच म्हणाले, "काही न्हाई, ताण हाय." आणि लगेच माझ्याकडं पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी तपासून परत सोनोग्राफी करायला सांगितलं. त्या खोलीत मी परत पालथी पडले. मान वळवून डॉक्टरचा चेहरा दिसत होता तेवढा बघत होते. तो आधी सहज बघत होता. मग यंत्र एका जागी थांबलं. त्यानं मोजलं. परत मोजलं. पडद्याजवळ तोंड नेलं. "जरा पडून राहा," म्हणाला आणि बाहेर गेला.

माझ्या मांडीवर ते गार मलम तसंच होतं. पंख्याचा आवाज येत होता. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर बाबांचा आवाज आला, पण शब्द कळत नव्हते. मी मनाशी म्हटलं, आधी बाबांना सांगितलं. माझ्याआधी त्यांना सांगितलं. माझ्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं, ती लातूरलाच हॉस्टेलवर होती. तिला कोण सांगेल, काय सांगेल, लाईटीनं जाते म्हणून सांगतील का, एवढंच डोक्यात फिरत होतं. 

डॉक्टर परत आला तेव्हा त्याच्या हातात नांदेडची जुनी फिल्म होती. बाबांकडून मागून आणली होती. ती त्यानं उजेडाला धरली, परत पडद्याकडं पाहिलं.

"पहिल्यापेक्षा निम्मी झालीय," तो म्हणाला. "तेच पडताळून बघत होतो. रक्त विरघळतंय."

"वाईट काही?" मी मान उचलून विचारलं.

"तसं काही दिसत नाही. फाटलेला स्नायू स्पष्ट दिसतोय, तो भरून यायलाय. पूर्ण जाते का ते पुन्हा एकदा बघू. नाही गेली तर पुढचं तपासू. पण आज तरी घाबरण्यासारखं काही नाही."

बाहेर आल्यावर मी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला तिथंच उभं करून ते स्वतः आत गेले, डॉक्टरांना विचारायला. परत आले तेव्हा टोपी हातात होती आणि ते कपाळ पुसत होते.

दवाखान्यासमोरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. मी पाय लांब करून बसले होते. बाबांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "तू मघाशी म्हनलीस ते खरं हाय. मीच सांगितलं व्हतं."

"जाऊ द्या बाबा."

"न्हाई, ऐक. तिनंच सांगायला लावलं व्हतं. बार्शीला पैल्यांदा जाताना. मी ड्यूटीवर नव्हतो, तिच्याशेजारी बसलो व्हतो. गाडीनं मुरुड सोडलं आन् ती म्हनली, दादा, वाईट असलं तर मला सांगू नको. ताण हाय म्हनून सांग, मी मानून घेईन. माझ्याकडून वचन घेतलं. मग मी काय करू?"

मला हे कधीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी मनात बाबांवर राग धरून होते, कुणाला न दाखवता.

"पण बाबा," मी म्हटलं, "मग ती मला का विचारायची?"

"काय विचारायची?"

"ताणाला एवढं करतेत का कुनी, म्हणून. मी एकटी असले की मांडी दाखवायची आणि विचारायची. किती वेळा."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

"तुला विचारायची?"

"हो."

"मला कधीच न्हाई विचारलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत, "मला न्हाई विचारलं तिनं. वचन घेतलं व्हतं ना. परत कशी मागनार?" मग म्हणाले, "म्हनजे तिला कळून घ्यायचं व्हतं."

"मला माहीत नाही बाबा."

होय म्हटलं असतं तर त्यांना ते शेवटपर्यंत डाचत राहिलं असतं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. हॉटेलवाला कप उचलून घेऊन गेला. बाबांनी टोपी घातली, परत काढली.

"तुझं काय?" त्यांनी विचारलं. "समज, वाईट निघालं असतं. तुला सांगायचं का न्हाई?"

मला वाटलं होतं मी ताडकन होय म्हणेन. नवऱ्यासमोर हात जोडून तेच तर मागितलं होतं. पण बाबा समोर बसून सरळ विचारत होते, आणि आत्ताच त्या खोलीतून मी बाहेर आले होते. उत्तर यायला वेळ लागला. आत्यानं मुरुडच्या पुढं ते का मागितलं असेल, ते मला त्या वेळी कळलं.

"सांगा," मी म्हणाले. "पण तुम्ही सांगा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको."

ते मान हलवून "हाव" म्हणाले.

नांदेडला परतल्यावर मी फिजिओथेरपीच्या मॅडमला सगळं सांगितलं. आत्या, बार्शी, शाईच्या रेघा. तिचा हात तिच्या टेबलावरच्या जांभळ्या पेनाकडं गेला आणि तिनं ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

"ताई, मी लाईट म्हटलं त्याचं तुम्हाला असं होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही," ती म्हणाली. "ती लाईट वेगळी, ही वेगळी. ती जाळते. ही इतकी सौम्य आहे की कातडीला कळतही नाही. आत्याला होतं म्हणून तुम्हाला देता येत नाही, असंही नाही. पण तुम्ही घाबरून अंग आवळून पडणार असाल तर काय उपयोग? लेझर सोडून देऊ. ते दुखणं कमी करायला होतं, सगळ्यांना सारखा गुण येतो असंही नाही. पाय बरा व्हायचा तो व्यायामानंच."

मी थोडा विचार केला. मग म्हटलं, "आधी माझ्या हातावर लावून दाखवा."

तिनं मला चष्मा दिला, यंत्र माझ्याच हातात दिलं आणि तळहातावर टेकवायला सांगितलं. ते वाजलं. मी माझ्या तळहाताकडं बघत राहिले. मग म्हटलं, लावा. त्यानंतर काही दिवस लेझर घेतलं. भीती गेली नव्हती. प्रत्येक वेळी पहिला ठिपका होईपर्यंत मी चादर मुठीत धरायचे. दुखणं कमी झालं हे मात्र खरं. लाईटनं झालं की दिवसांनी, ते मला सांगता येणार नाही, मॅडमही छातीठोकपणे सांगत नव्हती. व्यायाम ती कडक करून घ्यायची. पालथं पडून टाच उचलायची, पुलासारखी कंबर वर करायची, पायऱ्या चढायच्या. वजनाचंही तिनं एकदा सांगितलं, नवऱ्याचं नाव न घेता.

पुढच्या सोनोग्राफीत गाठ नव्हती. नुसती एक बारीक रेघ होती, भरून आल्याची खूण. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी बाबांना फोन लावला.

"गेली बाबा. काहीच नाही आता."

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "खरं सांगायलीस का?"

"खरं."

"मला बरं वाटावं म्हनून न्हाई ना?"

"नाही बाबा. शपथ."

"जावयाला दे फोन."

नवऱ्यानं सांगितलं, नंतर मॅडमनंही फोनवर सांगितलं. त्यांना पटलं नाही. दोन दिवसांनी न कळवता ते नांदेडला आले. आल्या आल्या पाणीही न घेता खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "चाल बघू."

मी हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले.

"अजून एकदा. जरा जोरात."

मी परत गेले. ते मान तिरकी करून बघत होते, गाडी डेपोतून काढण्याआधी इंजिनाचा आवाज ऐकत असत तसे. एका जागी पाय किंचित ओढला गेला. त्यांनी तो लगेच पकडला. "तिथं काय झालं?" मी म्हटलं, "सकाळी व्यायाम केलाय, त्यानं आखडलाय." ते माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले.

मग जेवले. आणि दुपारी दिवाणावर आडवे झाले ते गाढ झोपले, तोंड उघडं टाकून. मी त्यांच्याजवळ खाली बसून शेंगा फोडत होते. मधूनच माझा हात नकळत मागं जात होता, आता उजव्या मांडीकडंही.